ऊनी प्रोब: ‘साइट उघडत नाही’ याचा पुरावा हातात देणारं ॲप

बातम्यांची एखादी साइट अचानक उघडेनाशी झाली की पहिला संशय आपल्याच नेटवर जातो. राउटर बंद-चालू केला जातो, कॅश पुसली जाते, आणि तेवढ्यात शेजारच्याच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, तीच साइट सहज उघडलेली दिसते. भारतात साइट अडवली जाते तेव्हा बऱ्याचदा असंच चित्र असतं. आदेश वरून येतो, पण प्रत्यक्ष अडवण्याचं काम प्रत्येक इंटरनेट कंपनी आपापल्या पद्धतीनं करते. वाचकाला कोणी काही कळवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका व्यंगचित्रावरून तमिळमधल्या ‘विकटन’ या नियतकालिकाची अख्खी साइट अडवली गेली आणि ती सुरू व्हायला ६ मार्चचा मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश लागला. मे २०२५ मध्ये ‘द वायर’ या बातम्यांच्या साइटवर हीच वेळ आली. अशा वेळी ‘माझ्याकडे उघडत नाही’ या वाक्याला फारशी किंमत नसते. कोणत्या नेटवर्कवर, किती वाजता, नेमकं कुठे अडलं, हे सांगता आलं तर मात्र असते.

ऊनी प्रोब हे काम करतं. २०१२ मध्ये टॉर प्रकल्पातून (नेटवर ओळख लपवून वावरू देणारं साधन बनवणाऱ्या संस्थेतून) सुरू झालेल्या उपक्रमाचं हे ॲप फोनसाठी २०१७ पासून मिळतं. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स सगळीकडे चालतं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, खातं उघडावं लागत नाही. सुरुवातीलाच ते दोन छोटे प्रश्न विचारतं. घाईत ते पुढे ढकलू नका, कारण त्यातच दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत: तुमच्या नेटवर लक्ष ठेवणाऱ्याला तुम्ही हे ॲप चालवताय हे कळू शकतं, आणि चाचणीचे निकाल आपोआप सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. निकालात तुमचा आयपी पत्ता छापला जात नाही, पण देश, नेटवर्कचा क्रमांक आणि वेळ छापली जाते. प्रसिद्धी नको असेल तर सेटिंग्जमध्ये ती बंद करता येते.

चाचणीआधी तीन गोष्टी कराच. व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद करा, नाहीतर तुमच्या नेटऐवजी व्हीपीएनच्या सर्व्हरची चाचणी होईल. अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ही बंद करा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय). ते चालू असेल तर कंपनीनं डीएनएसमध्ये केलेली फेरफार निकालात दिसणारच नाही, आणि लोक सगळ्यात जास्त विसरतात ते हेच. तिसरं, वेबसाइट चाचणीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन विषयांचे गट पाहा. यादीत अश्लील आणि जुगाराच्या साइटही असतात. ऑफिस किंवा कॉलेजच्या वायफायवर ते गट बंद ठेवलेले बरे.

सर्वाधिक गफलत होते ती पुढच्या टप्प्यावर. ‘चालवा’ दाबलं की ॲप आपल्या यादीतल्या साइट एकामागून एक तपासतं, पण वेळेची मर्यादा मुळात ९० सेकंदांची असते. तेवढ्यात यादीचा एक तुकडाच होतो. तुम्हाला हवी ती साइट त्यात आली असेलच असं नाही. म्हणून वेबसाइट चाचणीत जाऊन साइट स्वतः निवडायचा पर्याय घ्या, पत्ता ‘एचटीटीपीएस’सकट पूर्ण भरा, आणि तेवढीच चाचणी चालवा. मग वायफाय बंद करून तीच चाचणी मोबाइल डेटावर, आणि घरात दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्यावर. एकाच साइटच्या तीन नेटवर्कांवरच्या तीन नोंदी या एका नेटवर्कावरच्या तीस नोंदींपेक्षा जास्त बोलतात. वेगाची चाचणी मात्र मोबाइल डेटावर टाळा, चांगल्या नेटवर ती भरपूर डेटा खाते.

आता निकाल. साइट ठीक असेल तर हिरवी खूण, गडबड वाटली तर वेगळ्या रंगाची. त्या खुणेवर थांबू नका, आत शिरा. ॲप एकच साइट दोन ठिकाणांहून मागवतं: तुमच्या नेटवरून, आणि अडवणूक नसलेल्या नेटवर्कावरच्या स्वतःच्या सर्व्हरवरून. दोन्ही उत्तरं ताडून फरक कोणत्या पायरीवर पडला ते सांगतं. डीएनएसवर फरक पडला म्हणजे साइटचा पत्ताच चुकीचा दिला गेला. २०१८ च्या एका अभ्यासात एमटीएनएल आणि बीएसएनएलमध्ये हीच पद्धत सापडली होती. ‘एचटीटीपी: ब्लॉकपेज’ असं दिसलं तर मधल्यामध्ये एक पान घुसवलं गेलं असण्याची शक्यता आहे. हे साध्या, विनाकुलूप साइटवरच जमतं.

एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद, साइटची गोष्ट वेगळी. फोन सर्व्हरला जो पहिला निरोप पाठवतो, त्यात साइटचं नाव सहसा उघडं लिहिलेलं असतं. आतलं पत्र बंद, पण पाकिटावरचा पत्ता कुणालाही वाचता येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिओ हा पत्ता वाचून जोडणी तोडत असल्याचं आढळलं. ऊनीच्या निकालात हे ‘एचटीटीपी विनंती अयशस्वी’ असं दिसतं. सविस्तर नोंद उघडलीत तर डीएनएस बरोबर, जोडणी बरोबर, आणि टीएलएसची हातमिळवणी (कुलूपबंद जोडणी ठरवण्याची देवाणघेवाण) सुरू होताच ‘कनेक्शन रिसेट’ अशी ओळ सापडेल. ब्राउझरमध्ये मात्र वाचकाला फक्त ‘साइटपर्यंत पोहोचता येत नाही’ एवढंच दिसतं, आदेशाचा कुठे उल्लेख नाही. म्हणून या एका ओळीसाठी हे ॲप ठेवायला हवं.

आणि तरीही गडबडीची खूण म्हणजे बंदी नव्हे. मूळ सर्व्हर हळू असेल, साइट देशानुसार वेगळं पान दाखवत असेल, किंवा रोबोट नसल्याची खात्री करणारं पान मध्ये आलं, तरी खूण उमटते. एका नोंदीचा स्क्रीनशॉट टाकून ‘सेन्सॉरशिप!’ म्हणणाऱ्यांनी खऱ्या तक्रारींचंच नुकसान केलं आहे. तासाभरानं पुन्हा चालवा. मग ऊनी एक्सप्लोररवर (सर्वांच्या प्रसिद्ध नोंदी दाखवणाऱ्या ऊनीच्या साइटवर) तीच साइट आणि भारत निवडून इतरांच्या नोंदी नेटवर्कनुसार पाहा (‘एएस’पुढचा आकडा हा नेटवर्कचा क्रमांक): जिओ एएस५५८३६, एअरटेल मोबाइल एएस४५६०९, एअरटेल ब्रॉडबँड एएस२४५६०, बीएसएनएल एएस९८२९. एकाच तारखेपासून एकाच प्रकारचं अपयश, तेही वेगवेगळ्या लोकांच्या नोंदींत, असं दिसलं तर बोला.

मर्यादाही ठळक आहेत. समाजमाध्यमानं एखादी पोस्ट किंवा खातं फक्त भारतापुरतं झाकलं, तर या ॲपला ते दिसत नाही. साइट उघडते, मजकूर नसतो. आज राजकीय मजकुरावरची कात्री मोठ्या प्रमाणात तिथेच चालते, त्यामुळे ही उणीव लहान नाही. इंटरनेटच बंद असेल तर निकाल पाठवताही येत नाही. काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ नंतर जे झालं ते मोजायला वेगळी साधनं लागतात. शिवाय यादीत नसलेली छोटी साइट कोणी तपासतच नाही. पण यादी खुली आहे. जिल्ह्याचं मराठी पोर्टल, आंदोलनाची साइट, पाणीप्रश्नावर लिहिणारा गट, यांची नावं वर्गवारीसह सुचवता येतात. हे काम मराठी लोकांनीच करायचं आहे, दुसऱ्या कोणाला ही नावं ठाऊक असण्याचं कारण नाही.

नोंदीचा उपयोग काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली साइट अडवण्याचे आदेश निघतात, आणि २००९ च्या नियमांतला नियम १६ त्यांची गोपनीयता राखायला सांगतो. त्यामुळे माहिती अधिकारात विचारलं तरी आदेशाची प्रत सहसा हाती लागत नाही. फेसबुक पोस्टवरून झालेल्या पालघरच्या दोन मुलींच्या अटकेनंतर सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. ते ठेवताना आधार घेतला तो लेखी कारणांचा आणि सुनावणीच्या तरतुदीचा. म्हणून साइटच्या मालकाला पहिली गरज असते ती आपल्याला अडवलं गेलंय हे तारीखवार दाखवण्याची. नोंदीची कायमची लिंक ‘शेअर’मधून मिळते. ती, चाचणीची वेळ आणि नेटवर्कचं नाव, एवढं मालकाला किंवा त्याच्या वकिलाला पाठवा. फोन वायफायवर आणि चार्जिंगला असतानाच आपोआप चाचण्या चालवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती आज सुरू करून ठेवलीत, तर यादीतली साइट बंद होण्याआधीच्या हिरव्या नोंदीही हाताशी राहू शकतील, आणि ‘आधीपासूनच बंद होती’ या उत्तराला त्या पुरतात.