१२ वर्षं जुन्या गाडीत नवे स्पीकर, अँप्लिफायर (अँप) आणि दारांचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणं) : ९ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी १२ वर्षं जुनी आहे, इंजिन ठणठणीत, विकायचा अजिबात विचार नाही. पण कंपनीतून आलेले स्पीकर पार गेले होते. आवाज जरा वाढवला की पुढच्या डाव्या दारातून फर्रफर्र व्हायचं आणि गाणाऱ्याचा आवाज जाड गोधडीआडून आल्यासारखा. डोअर पॅड उघडून बघितलं तर स्पीकरच्या कागदी कोनच्या (शंकूच्या) भोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होऊन खाली पडली. मी रोज जवळजवळ दोन तास गाडीत असतो, आणि मन लावून गाणं ऐकायला मिळतं ते तेवढ्याच वेळात, त्यामुळे हे काम माझ्यासाठी खरंच महत्त्वाचं होतं.

आता ९ महिने झाले, उन्हाळा पावसाळा दोन्ही झाले, म्हणून लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "काही फरक नाही" असंच लिहिलं असतं.

सुरुवातीला फक्त स्पीकर बदलले. पुढे साडेसहा इंची कंपोनंट, म्हणजे वूफर (खालच्या सुरांचा) दारात, ट्विटर (वरच्या सुरांचा) आरशाजवळच्या तिकोनी प्लास्टिकमध्ये आणि दोघांच्या मध्ये सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर. मागे त्याच मापाचे, वूफर-ट्विटर एकाच चौकटीत असलेले साधे कोअ‍ॅक्सियल. स्टिरिओ आधीचाच टू-डिन (दुप्पट उंचीचा). घरी येताना ऐकलं तर ट्विटरमुळे वरचे सूर स्वच्छ झाले होते पण बेस आधीपेक्षाही कमी! डग्ग्याचा घुमार गायबच, नुसती टकटक. दोन दिवस अस्वस्थ होतो, स्पीकर चुकीचे घेतले असं वाटायला लागलं.

मग लक्षात आलं की बॅलन्स (डाव्या-उजव्या बाजूला आवाज वाटणारं सेटिंग) पूर्ण एका बाजूला नेला की बेस येतोय आणि मध्ये आणला की जातोय. याचा अर्थ एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं मिळून एकमेकांची हवा खातात आणि सगळ्यात आधी मार बसतो तो बेसला. दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन तपासलं : स्टिरिओकडचं कनेक्शन काढायचं, सेलचा प्लस वूफरच्या प्लसला क्षणभर टेकवायचा, कोन बाहेर सरकला पाहिजे. माझा उजवा आत सरकला. ज्याने फिटिंग केलं त्याने जुन्या वायरिंगचे रंग बघून अंदाजाने जोडलं होतं. ५ मिनिटांचं काम, पण कुठेही फिटिंग केलंत तरी गाडी ताब्यात घेण्याआधी ही बॅलन्सची टेस्ट करा, कळकळीने सांगतोय.

यानंतर आवाज बरा झाला, पण खरा बदल झाला तो दाराचं काम केल्यावर, आणि माझं सगळं म्हणणं खरं तर याच एका गोष्टीबद्दल आहे. जुन्या गाडीचं दार म्हणजे पातळ पत्र्याचा डबा, त्यात मोठमोठी भोकं. स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो, आणि मागची हवा त्या भोकांतून फिरून पुढे येते आणि पुढचीला मारते. स्पीकर कितीही भारी आणा, डबा असा असेल तर बेस मिळणार कुठून? मी २ मिमी जाडीच्या ब्युटाइल (चिकट रबर) शीट आणल्या, वरून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला (१२ वर्षांची धूळ आणि ग्रीस, चार फडकी काळी झाली), बाहेरच्या पत्र्यावर आतून तुकडे चिकटवून रोलरने दाबले. पूर्ण झाकायची गरज नसते, मधल्या भागात पाव पत्रा झाकला तरी तो थरथरायचा थांबतो. आतल्या पत्र्याची भोकं मात्र सगळी बंद केली. दाराच्या तळाला पाणी जाण्यासाठी छिद्रं असतात ती चुकूनही बुजवायची नाहीत, नाहीतर पाणी साठून दार गंजणार. डांबराच्या स्वस्त शीट उन्हात मऊ पडतात आणि वास मारतात, त्या नकोच.

दार लावताना आधी "ठण्ण" व्हायचं ते आता "धप्प" होतं. आणि त्याच स्पीकरांतून, त्याच स्टिरिओवर डग्गा आला. घुमून, मींड घेऊन आला. मी गाडी बंद करून नुसता बसून ऐकत होतो.

अँप तिसऱ्या महिन्यात बसवला, चार चॅनलचा, प्रत्येकी ६० वॅट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारी पॉवर). स्टिरिओवर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं ते शिखराचं माप, सतत मिळणारी पॉवर चॅनलला १५ ते २० वॅटच्या आसपासच असते, कारण आतली चिप थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर चालते. अँप आल्यावर खूप मोठ्याने ऐकता येतं हे खरं, पण मला त्याचा उपयोग झाला तो आवाज मोकळा वाटण्यात, तार सप्तकातली तान आता चिरकत नाही. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं कापलंय आणि ते काम सीटखालच्या, स्वतःचा अँप असलेल्या आणि फक्त खोल बेस वाजवणाऱ्या ८ इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफरला दिलंय. अँपवरचा गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायचा स्क्रू) म्हणजे आवाजाचं बटण नाही हे मात्र नीट समजून घ्या : बेस बूस्ट, लाउडनेस बंद, स्टिरिओ पाऊण आवाजावर, गेन शून्यापासून हळूहळू वर, फाटल्यासारखं वाटलं की थोडा मागे.

इथे एक त्रास झाला. अँप लावल्यावर इंजिनासोबत शिट्टी यायला लागली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीही चढायची. १५ दिवस डोकं उठलं. शेवटी अर्थची वायर उघडून बघितली तर ती रंगाच्या थरावरच बोल्टने आवळलेली. पत्रा घासून उघडा केला, वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवली, शिट्टी बंद. आरसीए वायर (स्टिरिओकडून अँपला गाणं नेणारी) पॉवर केबलच्या शेजारून गेली होती तीही दुसऱ्या बाजूने नेली. पॉवर केबलला बॅटरीपासून ४५ सेमीच्या आत फ्यूज हवाच, यात तडजोड नको, केबल कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू शकते.

पावसात अजून एक गोष्ट कळली. मागच्या दारांना शीट लावल्या नव्हत्या आणि तिथला आतला प्लास्टिक कागद स्पीकर बसवताना फाडून तसाच ठेवला होता. तो कागद काचेवरून उतरणारं पाणी दारातच ठेवतो. पहिल्या मोठ्या पावसात मागचं मॅट ओलं. नवा कागद ब्युटाइलच्या पट्टीने लावला, आता कोरडं आहे. स्पीकरखालची रिंग प्लास्टिकची घेतली होती ते बरं झालं, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) पाणी पिऊन फुगते.

टाइम अलाइनमेंट, म्हणजे सगळ्या स्पीकरचा आवाज कानाला एकाच वेळी पोचवायची सोय, स्टिरिओत असेल तर नक्की वापरा. माझ्या कानापासून जवळचा स्पीकर ९० सेमी, लांबचा १४० सेमी. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेमी जातो, म्हणून जवळच्याला दीड मिलिसेकंद उशीर दिला. जुळलं की नाही हे बघायला जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा, गाणाऱ्याचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर एकाच जागी उभा राहायला पाहिजे. तो तसा उभा राहिला तेव्हा अंगावर काटा आला, इतकी वर्षं तीच गाणी ऐकत होतो आणि श्वास घेतल्याचं आत्ता ऐकू येतंय. ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हवरची फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) फाइल यातला फरक कळतो, पण दाराच्या कामाच्या मानाने तो फार लहान आहे.

पुन्हा करायचं झालं तर दारं आधी, मग पुढचे स्पीकर, मग अँप, आणि मागचे स्पीकर घेणारच नाही. फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारं सेटिंग) कायम पुढेच असतो. आई मागे बसते तेव्हा थोडा मागे देतो, तिला तेवढं पुरतं.

आधी हायवेवर आवाज २६ वर लागायचा, आता १७ वर सगळं ऐकू येतं आणि बोलताही येतं. सबमुळे मागची नंबर प्लेट थरथरत होती तिच्यामागे फोमची पट्टी लावली. मागच्या दारांच्या शीट तेवढ्या राहिल्यात, चार तुकडे आणि रोलर डिकीतच आहेत, येत्या सुट्टीत दोन्ही डोअर पॅड उघडतो.