होंडा जीएक्स ३५ चा ग्रास कटर: कोकणातल्या बागेला कितपत झेपतो

कोकणातल्या बागेत ग्रास कटरचं खरं काम वर्षातून दोनदा. एकदा जुलै-ऑगस्टात, टाकळा आणि गवत कलमांच्या आळ्यांत शिरतं तेव्हा. दुसऱ्यांदा पाऊस उघडल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, बेणणीला, म्हणजे बागेतलं वाढलेलं रान साफ करायला. ही दुसरी वेळ कठीण. गवत कमरेला लागलेलं, रानमोडीच्या झुडपांचे देठ अंगठ्याएवढे जाड, आणि खाली जांभ्याचे सुटे दगड कुठे आहेत ते दिसत नाही. मशीन कसं आहे ते तेव्हा कळतं.

होंडाचं जीएक्स ३५ हे ३५.८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, ताकद सुमारे सव्वा एचपी. दांडा, पातं, पट्टा धरून मशीन साडेसात किलोच्या आसपास भरतं. टाकी साधारण ६३० मिलीची. दाट रानात पूर्ण रेसवर ती तासाभरात रिकामी होते. इंजिन कसंही तिरकं झालं तरी ऑइल पोचतं, त्यामुळे दळ्यांच्या, म्हणजे उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जमिनीच्या, चढ-उतारावर ते बंद पडत नाही. सगळ्यात मोठी सोय म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही. टू-स्ट्रोकला लिटरमागे २० किंवा ४० मिली, कंपनी सांगेल तसं, मोजून घालावं लागतं. एका दिवशी गडी विसरला की पिस्टन धरलाच.

फोर-स्ट्रोकची चूक वेगळी. इंजिनात ऑइल मावतं फक्त १०० मिली, १०डब्ल्यू-३० ग्रेडचं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वर ओतलं की ते एअर फिल्टरमध्ये चढतं, पांढरा धूर येतो आणि प्लग काळा पडतो. पहिलं ऑइल १० तासांनी बदला, पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी. फिल्टरचा स्पंज दर २५ तासांनी साबणाच्या पाण्याने धुवा, पुरता वाळवा, मग स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळून बसवा. पावसाळ्यात तो एका रात्रीत वाळत नाही, म्हणून जोडीला दुसरा स्पंज घेऊन ठेवा.

इंजिनावर तक्रार करायला फारशी जागा नाही. निम्मं यश पात्यावर आहे, आणि दुकानदार पात्याबद्दल सहसा बोलत नाही. तीन दातांचं २५५ मिमीचं पातं गवताला आणि कोवळ्या रानाला उत्तम. रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळीला ४० दातांचं कार्बाइड टोकाचं पातं लागतं. पण जांभ्यावर एकदा आदळलं की त्याची टोकं उडतात, आणि उडालेलं टोक गोळीसारखं जातं. म्हणून कातळाच्या बागेत आधी तीन दातांच्या पात्याने गवत उतरवा, दगड उघडे पडू द्या, मग झुडपांना हात घाला. पात्याऐवजी लावायची नायलॉन दोरी घराभोवती, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेला आणि ठिबकच्या नळ्यांजवळ वापरायची. जांभ्यावर ती फार लवकर झिजते. उन्हाळ्यात कोरडी पडून तुटत असेल तर आदल्या रात्री पाण्यात भिजत टाका, पुन्हा लवचिक होते. एक-दोन वर्षांच्या कलमांजवळ मात्र दोरीसुद्धा नको. ती साल गोल सोलते आणि कलम दोन महिन्यांनी उभ्याउभ्या वाळतं. बुंध्याभोवती हातभर जागा कोयतीने किंवा खुरप्यानेच साफ करा.

पात्याचा नट उलट आट्याचा असतो. सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. हे माहीत नसल्यामुळे कित्येक गिअरबॉक्सचे आटे गेलेले असतात. पात्याचं भोक २५.४ मिमीचं, आणि ते वॉशरच्या उंचवट्यावर नेमकं बसायला हवं. अर्धा मिलिमीटर सरकलं तरी मशीन हाताला झिणझिण्या आणतं आणि बेअरिंग खातं. दर २५ तासांनी गिअरबॉक्सचा बाजूचा बोल्ट काढून थोडं लिथियम ग्रीस भरा. ठासून भरलं तर तापून सीलमधून बाहेर येतं.

वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून कापलेलं गवत डावीकडे पडतं. उतारावर समपातळीत चाला, उताराची बाजू डाव्या हाताला ठेवा, म्हणजे गवत खाली पडतं आणि पुढची ओळ मोकळी राहते. कापायचं पात्याच्या डाव्या भागाने. समोरचा उजवा कोपरा दगडाला किंवा खुंटाला लागला की मशीन उसळी मारतं. आसपास १५ मीटरपर्यंत कोणी नको. चष्मा आणि गमबूट हवेतच. रेस सोडल्यावरही पातं फिरत राहिलं तर आयडल स्क्रू (रेस सोडल्यावरचा वेग ठरवणारा) जास्त पिळलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. तसंच काम रेटू नका.

आता पेट्रोल. ‘गेल्या वर्षी छान चालत होता, यंदा सुरूच होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं असं माहितीपुस्तिका सांगते. पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी तळाला बसतं, कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो, नळी फुगते. उपाय फुकटचा आहे. काम संपलं की टाकी रिकामी करा, प्रायमरचा (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओढणारा) फुगा आतलं पेट्रोल जाऊन पारदर्शक होईपर्यंत दाबा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कॅनमध्ये पंधरा दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल ठेवू नका. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने रेसची केबल जाम होते, मफलरचे बोल्ट गंजून बसतात. ठेवण्याआधी दोन्हींना तेलाचा थेंब द्या. नोव्हेंबरनंतर आणखी एक काळजी: तापलेलं मशीन वाळल्या गवतावर टेकवू नका आणि तिथेच पेट्रोलही भरू नका. वणव्याला एवढं पुरतं.

‘एकात पाच’ म्हणून सोबत विकल्या जाणाऱ्या जोडण्यांपैकी विडर, म्हणजे माती उकरणारी जोडणी, घेऊ नका. सव्वा एचपीचं इंजिन जांभ्याच्या घट्ट मातीत रोटर फिरवू शकत नाही. क्लच घसरतो, जळतो, आणि दोष इंजिनाला लागतो. भुसभुशीत वाफ्यात चालेल, पण तेवढ्यासाठी पैसे घालणं शहाणपणाचं नाही. नांगरणीला वेगळा पॉवर विडर घ्या किंवा भाड्याने आणा.

दोन-चार एकर, मोकळ्या दळ्या असतील तर हाच खांद्यावरचा सरळ दांड्याचा प्रकार योग्य. गडगे चढून जावं लागतं अशा डोंगरउतारावर पाठीवरचा बरा. फक्त त्याची इंजिनाकडून पातं फिरवणारी लवचिक वायर तीव्र वाकवली किंवा ग्रीसविना चालवली की तुटते. दहा-पंधरा गुंठ्यांच्या परसाला एवढं मशीन परवडत नाही. बिननावाच्या फोर-स्ट्रोक मशीनच्या दुप्पट-तिप्पट पैसे जातात, तेवढ्यात गडी पुष्कळ दिवस येईल.

दुकानात मशीन थंड असताना स्वतः सुरू करून पाहा, आणि क्लच, स्टार्टरची दोरी, कार्ब्युरेटरचा पडदा हे तिन्ही सुटे भाग त्या क्षणी कपाटात आहेत का ते विचारा; ‘मागवून देतो’ हे उत्तर ऐन बेणणीत महाग पडतं. अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर) कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज आधी करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. संमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.