स्कोपस, वेब ऑफ सायन्स, ओपनॲलेक्स की गुगल स्कॉलर? तालुक्याच्या कॉलेजातल्या संशोधकासाठी

कोणत्या लेखाचा आधार (सायटेशन) पुढे कोणी घेतला हे सांगणाऱ्या डेटाबेसांत स्कोपस चांगलं की वेब ऑफ सायन्स, हा वाद विद्यापीठाच्या ग्रंथालयात एसीखाली बसून घालायला बरा. दर्यापूर, पुसद, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करणाऱ्याला आधी हे बघावं लागतं की आपल्या लॉगिनवर यातलं काय उघडतं. म्हणून ही तुलना फक्त फीचरांची नाही. तालुक्याच्या गावी, मोबाइलच्या नेटवर, कुठलंही महागडं सबस्क्रिप्शन नसताना कोणतं फीचर हाती लागतं, त्याचीही आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत बरंच बदललंय. पैसे भरून घ्यायच्या डेटाबेसांत एआय मदतनीस आले. फुकटच्या डेटाबेसांत पूर्वी न मिळणारी माहिती मिळू लागली. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. इथे स्टाफरूममध्ये हमखास घोळ होतो. या योजनेत लेख वाचायला मिळतात. कोणत्या लेखाला कोणी सायटेशन दिलं हे सांगणारे डेटाबेस त्यात येत नाहीत. शिवाय पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. विदर्भातली बहुतेक ग्रामीण कॉलेजं शिक्षणसंस्थांनी चालवलेली, त्यामुळे आपलं कॉलेज यादीत आहे का, हे ग्रंथपालांना आधी विचारून घ्या. नसेल तर इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट (कॉलेजांना ई-जर्नल्स, ई-पुस्तकं वाचायला देणारी योजना) आहे का, तेही.

एकच लेख, चार खिडक्या

तुलना हवेत नको म्हणून एक लेख धरू. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या घरोघरी नवजात बालसेवेचा लेख, 'लॅन्सेट', डिसेंबर १९९९. ३९ गावांत सेवा दिली, ४७ गावं तुलनेला ठेवली, आणि त्यावरून पुढे जगभर काम झालं. आपल्याला बघायचंय की या लेखाचा आधार पुढे कोणी, कशासाठी घेतला.

गुगल स्कॉलरमध्ये लेख सापडला की खाली 'साइटेड बाय' आणि आकडा दिसतो. त्यावर टिचकी मारली की सायटेशन देणाऱ्या लेखांची यादी उघडते. बहुतेक जण इथे थांबतात आणि पानामागून पान सरकवत बसतात. वरच्या बाजूला 'सायटेशन देणाऱ्या लेखांतच शोधा' अशा अर्थाचा एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण करून 'आशा' किंवा 'सेप्सिस' टाका, मग यादी नेमकी होते. हे फीचर नवं नाही, पण मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. स्कॉलरचा आकडा बाकीच्यांपेक्षा मोठा दिसतो, कारण तो प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधीचे मसुदे) सगळंच मोजतो. आरआरसीसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीसमोर, हा आकडा सांगताना 'स्कॉलरनुसार' हे शब्द जोडायला विसरू नका. समोर बसलेल्यांनी स्कोपस उघडलेलं असतं.

स्कॉलरच्या मर्यादाही लक्षात ठेवा. एका शोधात हजारांच्या पुढचे निकाल दिसत नाहीत, सगळी यादी एका झटक्यात उतरवून घेता येत नाही, आणि कॉलेजच्या एकाच कनेक्शनवर पाच-सहा जण भराभर शोधायला लागले की 'तुम्ही रोबो नाही ना' म्हणून चित्रं निवडायला लावतो.

तोच लेख वेब ऑफ सायन्समध्ये बघितला तर आकडा लहान, पण माहिती जास्त खोल. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, त्याचाच हा आजचा अवतार, आता क्लॅरिव्हेट कंपनीकडे. इथलं खरं कामाचं नवं फीचर म्हणजे सायटेशन कशासाठी दिलंय याची वर्गवारी: नुसती पार्श्वभूमी म्हणून, कामाचा पाया म्हणून, पाठिंबा म्हणून, वेगळा निष्कर्ष म्हणून की चर्चेसाठी. बंग यांच्या लेखाला सायटेशन देणाऱ्या ढीगभर लेखांतून 'वेगळा निष्कर्ष' असलेले तेवढे बाजूला काढता आले, तर संदर्भ साहित्याच्या प्रकरणाला धार येते. सगळ्या सायटेशनांची वर्गवारी झालेली नसते, तेवढं ध्यानात ठेवायचं. आणि एक खाचखळगा: जुनी वर्षं किती दिसतील हे संस्थेने कोणत्या सालापासूनचं सबस्क्रिप्शन घेतलंय त्यावर असतं. दोन विद्यापीठांत एकाच लेखाचे दोन आकडे दिसले तर बुचकळ्यात पडू नका.

स्कोपस एल्सेव्हियरचं, २००४पासूनचं. त्याचं जानेवारी २०२४मध्ये आलेलं स्कोपस एआय हे वेगळे पैसे मोजून घ्यायचं. साध्या इंग्रजी वाक्यात प्रश्न विचारा, तो संदर्भांसह सारांश देतो, संकल्पनांचा नकाशा काढतो. फक्त हा सारांश लेखांच्या सारांशांवर बेतलेला असतो, पूर्ण लेखांवर नाही, आणि तेही २००३पासून पुढच्या. म्हणजे आपला १९९९चा लेख थेट त्याच्या उत्तरात येणार नाही. पायाभूत लेखांची वेगळी यादी तो देतो, तिथे येऊ शकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला गडचिरोलीबद्दल विचारलं आणि गडचिरोलीचाच लेख उत्तरात नाही, तर दोष संशोधनाचा नाही, खिडकीच्या मापाचा आहे. वेब ऑफ सायन्सचा रिसर्च असिस्टंट सप्टेंबर २०२४मध्ये आला, तोही सशुल्क. नव्या विषयात शिरताना पहिल्या आठवड्यात हे दोन्ही कामाचे, कारण गुलाबी बोंडअळीवर शोधताना शास्त्रीय नाव, इंग्रजी नाव, लघुरूप असे तीन-तीन शब्द तुम्हाला सुचायची वाट ते बघत नाहीत. पण त्यांचं उत्तर उचलून प्रबंधात टाकलं तर व्हायव्हात पहिल्याच उपप्रश्नाला दांडी उडेल.

फुकटात काय मिळतं

माझं झुकतं माप इथे ओपनॲलेक्सला आहे. मायक्रोसॉफ्टने आपला अकॅडेमिक ग्राफ २०२१अखेर बंद केला, आणि अवररिसर्च या ना-नफा संस्थेने जानेवारी २०२२मध्ये त्याच्या जागी हे उभं केलं. वीस कोटींहून अधिक नोंदी, आणि माहिती कोणीही कशीही वापरावी अशी मोकळी. पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाने वेब ऑफ सायन्सचं सबस्क्रिप्शन सोडून याची वाट धरली, म्हणजे गरिबाचा पर्याय एवढीच त्याची ओळख राहिलेली नाही.

आपल्या कामाच्या गोष्टी सांगतो. संस्थेच्या नावाने शोधता येतं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था किंवा अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ निवडा, त्यावर 'ओपन ॲक्सेस' गाळणी लावा, वर्षानुसार आणि विषयानुसार गट पाडा, आणि यादी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये उतरवून घ्या. स्कॉलरमध्ये हे होत नाही, स्कोपसमध्ये होतं पण लॉगिन लागतं. ज्या लेखाची मोफत प्रत कुठेतरी अधिकृतपणे आहे तिथला दुवाही मिळतो, कारण अनपेवॉल हे मोफत प्रत शोधून देणारं ब्राउझर एक्स्टेन्शन बनवणारी संस्था हीच. चूक किंवा गैरप्रकार सापडल्याने जर्नलने मागे घेतलेल्या लेखांवर खूण असते. ती माहिती रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींतून येते. लेखांना डीओआय क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफने २०२३मध्ये त्या विकत घेऊन सगळ्यांना खुल्या केल्या. माझ्या मते अलीकडची सगळ्यात मोलाची भर हीच. एआय सारांशाशिवाय प्रबंध होतो, पण मागे घेतलेल्या लेखावर उभं केलेलं प्रकरण पडतं.

कच्च्या बाजूही आहेत. पत्त्यांची सरमिसळ होते. 'श्री शिवाजी' नावाचं कॉलेज अमरावतीला आहे, अकोल्याला आहे, चिखलीला आहे. लेखावर पत्ता अर्धवट लिहिला असेल तर कोणताही डेटाबेस चुकीच्या संस्थेच्या खात्यावर लेख टाकू शकतो, पण जिथे हे काम जवळपास सगळं मशीन करतं तिथे जास्त. देशमुख, राऊत, वानखेडे या आडनावांचं तर विचारू नका. बऱ्याच लेखांचा सारांश इथे नसतो. नॅकच्या अहवालात आकडा भरायचा तर ओपनॲलेक्सची यादी उतरवून हाताने तपासल्याशिवाय पुढे देऊ नका.

सिमँटिक स्कॉलर हे अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटचं, २०१५पासूनचं, पूर्ण फुकट. वेब ऑफ सायन्सच्या वर्गवारीची हौस इथे बऱ्यापैकी भागते: सायटेशन पार्श्वभूमीसाठी आहे, पद्धतीसाठी की निष्कर्षासाठी, हे तो सांगतो आणि अनेकदा ते वाक्यही दाखवतो. वैद्यक आणि संगणकशास्त्रात दमदार, मराठी साहित्याच्या माणसाला जवळपास निरुपयोगी. एका ओळीचा सारांश मिळतो, तो यादी चाळताना बरा. डायमेन्शन्स या अशाच आणखी एका डेटाबेसची फुकट आवृत्तीही आहे, पण पेटंट किंवा धोरणविषयक कागदपत्रं हवी असतील तर ती सशुल्क बाजूला आहेत.

केअर यादी गेल्यावर

व्हॉट्सॲपवर 'सर, स्कोपस इंडेक्स्ड, पंधरा दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेट मिळेल' असे मेसेज सगळ्यांना येतात. पूर्वी केअर यादी बघून निदान अर्धे गाळता यायचे. आता ते काम फुकट होतं ते असं. स्कोपसचं सबस्क्रिप्शन नसलं तरी त्याची 'सोर्सेस' यादी सगळ्यांना खुली आहे. तिथे जर्नलच्या नावाने नव्हे, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून शोधा. नावं सारखी असतात, आणि बनावट संकेतस्थळं खऱ्या जर्नलचं नावच चोरतात. नोंदीत किती सालापर्यंतचे अंक घेतलेत ते वाचा. '२०२१पर्यंत' असं दिसलं तर आज तिथे छापलेला लेख स्कोपसमध्ये जाणार नाही, एजंट काहीही म्हणो. मग वेब ऑफ सायन्सची मास्टर जर्नल लिस्ट बघा, तीही फुकट आहे. इथेही गाफील राहू नका: मार्च २०२३मध्ये क्लॅरिव्हेटने एका फटक्यात ५०हून अधिक जर्नल्स वगळली, त्यात नावाजलेलीही होती. शेवटी जर्नलच्या संकेतस्थळाचा दुवा मेसेजमधून उघडू नका, यादीतल्या प्रकाशकाच्या नावावरून शोधून काढा. एवढं करायला चहा थंड व्हायच्या आत वेळ पुरतो.

पीएचडीच्या २०२२च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश काय म्हणतो ते बघा, आणि घाईत पैसे देऊन छापायच्या आधी तर नक्कीच.

मराठीतून संशोधन करणाऱ्यांसाठी

इथे तुलना एकतर्फी होते. स्कोपसमध्ये जर्नल यायचं तर शीर्षक आणि सारांश इंग्रजीत आणि संदर्भ रोमन लिपीत लागतात. त्यामुळे वऱ्हाडी बोली, झाडीपट्टीची रंगभूमी, महानुभाव साहित्य यावरचं मराठीतलं काम तिथे जवळपास दिसतच नाही. गुगल स्कॉलर देवनागरीत शोधतो, तेच मुख्य साधन. जोडीला शोधगंगा, भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा खुला संग्रह: महानुभावांच्या रिद्धपूरवर कोणत्या विद्यापीठात काय काम झालं हे प्रबंधांच्या संदर्भसूचीतून जितकं कळतं तितकं कोणताही सायटेशन डेटाबेस सांगत नाही. जुनं इंग्रजी साहित्य शोधताना विदर्भासोबत 'बेरार' आणि 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' हेही टाका, नाहीतर १९५६च्या आधीचं बरंचसं निसटेल.

मग घ्यायचं काय

कृषी, वैद्यक, रसायन अशा विषयांत पीएचडी सुरू करत असाल तर रोजच्या कामाला गुगल स्कॉलर आणि ओपनॲलेक्स, आणि महत्त्वाच्या चार-सहा लेखांसाठी सिमँटिक स्कॉलर. विद्यापीठात चक्कर होणारच असते. आमच्याकडे कोर्सवर्क किंवा गाईडच्या सहीसाठी अमरावती, नागपूर, गडचिरोली गाठावंच लागतं. त्या दिवशी तिथल्या ग्रंथालयात स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स यातलं काय चालू आहे ते फोनवर आधीच विचारा, घरून शब्दांची यादी करून न्या, शोध चालवा आणि निकालांची फाइल मेलवर पाठवून घ्या. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली की मागे घेतलेले लेख तोही लाल पट्टीने दाखवतो.

बढतीसाठी फाइल करणाऱ्या प्राध्यापकाने उलट क्रम धरावा. आधी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक, मग स्कोपसवरची स्वतःची प्रोफाइल. ती फुकट दिसते, आणि दोन प्रोफाइल झाल्या असतील तर एकत्र करायची विनंतीही फुकट करता येते. गुगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये लेख आपोआप जोडले जाण्याची सोय बंद करून ठेवा. नाहीतर आडनावबंधूचे पेपर तुमच्या खात्यात येतात, एच-इंडेक्स (लेख आणि सायटेशनांवरून काढलेला आकडा) वाढतो, आणि छाननी समितीत त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

स्वतःच्या खिशातून एआयवाल्या सेवेचे पैसे भरावेत का, हे बरेच जण विचारतात. 'साइट' (scite) सारखी सेवा, जी पाठिंबा देणारी आणि विरोधात जाणारी सायटेशनं वेगळी दाखवते, पद्धतशीर आढावा लिहिणाऱ्याला एखाद-दोन महिने घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी तो पैसा प्रत्यक्ष गावांत फिरायला ठेवावा. प्राचार्यांकडे सगळ्या कॉलेजसाठी काही मागायचं असेल तर स्कोपस मागू नका, एन-लिस्टचं नूतनीकरण वेळेवर करून मागा. फी जमते, आणि लॉगिन मार्चमध्ये बंद पडलं की नेमका प्रबंध सादर करायच्या वेळी सगळ्यांचा खोळंबा होतो.