डॅशबोर्डवरचा पंखा : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यानंतर

मार्च महिन्यात आमच्या २०१८ सालच्या सीएनजी हॅचबॅकच्या एसीची कूलिंग कॉइल गळू लागली. ती बदलण्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, असे सांगून सर्व्हिस सेंटरने पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवले, तेव्हा मी गाडी तशीच घरी आणली आणि त्याच आठवड्यात ठाण्यातल्या एका दुकानातून साडेसातशे रुपयांना बारा व्होल्टचा, मान फिरवणारा, जाळीचा पंखा विकत घेतला. एकेकाळी टॅक्सीत, एसटीच्या चालकासमोर आणि मालट्रकच्या केबिनमध्ये हमखास दिसणारा तो हाच पंखा. सहा इंची पाती, मागच्या बाजूला मान फिरती ठेवण्यासाठी दाबायची खुंटी, पायाशी दोन वेगांचा खटका आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा प्लग, याहून अधिक वर्णनाची गरज नाही.

दुकानदाराने तो माळ्यावरून काढून, धूळ झटकून दिला. त्याच माळ्यावर मान डोलावणारा कुत्रा, लाकडी मण्यांचे आसन, सुगंधी जेलच्या डब्या आणि रिव्हर्स गिअर टाकताच धून वाजवणारा हॉर्न अशी सगळी मंडळी पडून होती. यांतल्या काही वस्तू कायद्याने गेल्या, काही कंपन्यांनीच गिळल्या. गाडीच्या काचांवर चिकटवायच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. निरनिराळ्या सुरांत वाजणारा हॉर्न तर केंद्रीय मोटार वाहन नियमांना पूर्वीपासूनच मान्य नव्हता, तरी तो सर्रास बसवला जात असे. रिव्हर्सच्या धुनेची गरज १ जुलै २०१९ नंतर उरली नाही, कारण तेव्हापासून तयार होणाऱ्या प्रत्येक कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. सोसायटीच्या वाहनतळात सकाळी सहाला एखादी गाडी मागे घेताना जिंगल बेल्स ऐकत ज्यांनी अनेक वर्षे काढली, त्यांना या धुनेची आठवण फार हळवी करणार नाही. मण्यांच्या आसनाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. पाठ आणि रेक्झिन यांच्यामध्ये हवा खेळू देणारी इतकी स्वस्त सोय नंतर कोणी शोधलेली नाही, आणि आज महागड्या गाड्यांत मिळणारी हवेशीर सीट हे तिचेच श्रीमंत रूप आहे.

पंख्याबद्दलचे पहिल्या दोन महिन्यांतले माझे मत प्रतिकूल होते, आणि ते येथे जसेच्या तसे नोंदवतो. पंखा हवा थंड करत नाही, आहे तीच हवा हलवतो. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी उघडून तो चेहऱ्याकडे लावला, तर तापलेल्या काचेखालची भट्टीतली हवा तो थेट आपल्या तोंडावर आणून सोडतो. काही दिवसांनी मी त्याचे तोंड फिरवून डाव्या खिडकीकडे केले आणि ती काच व त्याच्या तिरक्या रेषेतली मागची काच उघडी ठेवली, तेव्हा गाडी लवकर निवू लागली. एवढ्या सुधारणेनंतरही, मे महिन्यातल्या दमट दुपारी माजिवड्याच्या सिग्नलला उभे असताना साडेसातशे रुपये वाया गेले, अशीच माझी भावना होती. घाम वाळण्यासाठी वारा लागतो हे खरे, पण भोवतालची हवाच ओलीचिंब असेल तर वाऱ्याचाही फारसा इलाज चालत नाही.

या पंख्याचा खरा दोष मात्र वाऱ्यात नाही, प्लगमध्ये आहे, आणि त्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. घोडबंदर रस्त्याने गायमुखकडे जाताना दर मोठ्या खड्ड्याला पंखा बंद पडे. प्लग दाबला की चालू होई, पुढच्या खड्ड्याला पुन्हा बंद. प्लगच्या टोकाला असलेल्या टोपणाचे आटे हादऱ्यांनी सैल होतात. एके दिवशी ते टोपण, आतली स्प्रिंग आणि बोटाच्या पेराएवढा काचेचा फ्यूज असे तिन्ही भाग निसटून चालकाच्या सीटखाली गेले. फ्यूज सापडला, टोपण सापडले, स्प्रिंग आजतागायत सापडलेली नाही. दुकानदाराकडे गेलो, तेव्हा इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते हे ठरलेले उत्तर मिळाले आणि वर, दोष प्लगचा नसून तुमच्या गाडीच्या सॉकेटचा आहे, असा निर्वाळाही मिळाला. सर्व्हिस सेंटरला विचारले, तर त्यांच्या मते सॉकेट निर्दोष होते आणि बाहेरची ॲक्सेसरी वापरणे हाच मुळात दोष होता. दोघांच्या मध्ये मी हातात टोपण घेऊन उभा. सॉकेट तपासण्याची मजुरी सर्व्हिस सेंटरने बिलात लावली होती. ती रक्कम पंख्याच्या निम्म्या किमतीच्या घरात जात होती, हे कळल्यावर काउंटरवर माझा आवाज चढला, आणि शेवटी ती ओळ बिलातून वगळण्यात आली.

वागळे इस्टेटमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने प्रश्न पाच मिनिटांत उलगडला. "काका, हे भोक विजेच्या प्लगसाठी नव्हतंच कधी, ते सिगारेट पेटवायच्या लायटरसाठी होतं," तो म्हणाला. लायटर आत दाबला की त्याची कॉइल तापून लाल होते आणि ठरावीक उष्णतेला आतल्या पट्ट्या सैल होऊन तो आपोआप बाहेर उसळतो, अशी ती मूळ रचना. ज्या जागेचे कामच वस्तू बाहेर ढकलण्याचे होते, तीत आपण पंखे, चार्जर आणि टायरमध्ये हवा भरायचे पंप तासन्‌तास अडकवून ठेवतो. प्लगच्या टोकाची स्प्रिंग त्याला सतत बाहेर रेटते आणि बाजूच्या दोन पत्र्याच्या पाकळ्या त्याला जेमतेम धरून ठेवतात. संपर्क सैल झाला की तेथे ठिणगी पडते, ठिणगीने काजळी धरते, काजळीने प्लग तापतो. माझ्या प्लगचे प्लॅस्टिक एका बाजूला तपकिरी झालेले त्याने नखाने खरवडून दाखवले. सॉकेटमध्ये चांदीच्या कागदाची घडी कोंबण्याचा जो उपाय अनेक जण सांगतात, तो कोणीही करू नये. तो कागद मधल्या धन टोकाला आणि कडेच्या ऋण पत्र्याला एकाच वेळी टेकला, तर सरळ शॉर्टसर्किट होते.

त्याने प्लग कापून टाकला, फ्यूजबॉक्समधून स्वतंत्र वायर काढली, तिच्यावर वेगळा पाती-फ्यूज बसवला आणि दीडशे रुपये घेतले. त्या दिवसापासून पंखा एकदाही आपोआप बंद पडलेला नाही. पंख्याच्या किमतीच्या एक-पंचमांश पैशांत जो दोष कायमचा जातो, तो कारखान्यात दहा रुपये जास्त खर्चून घालवता आला असता, हा विचार माझ्या मनातून अजूनही जात नाही.

पंखा कोठे बसवावा हा प्रश्नही पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. जुन्या फियाटच्या डॅशबोर्डचा पत्रा होता, त्याला दोन स्क्रू मारले की काम संपत असे. आता डाव्या बाजूच्या प्लॅस्टिकखाली एअरबॅग असते आणि अपघातात ती क्षणार्धात उघडते, तेव्हा तिच्यावर बसवलेला पंखा असो की गणपतीची मूर्ती, प्रवाशाच्या चेहऱ्यावर आदळण्याची शक्यता असते. दुकानदाराने मला नेमकी तीच जागा सुचवली होती. आमचा पंखा इलेक्ट्रिशियनने मधल्या झरोक्यांखालच्या कप्प्याच्या कडेला चिमट्याने पक्का केला. तेथून तो चालकाच्या नजरेआड राहतो आणि गिअरलाही अडत नाही.

जूनच्या अखेरीस माझे मत बदलू लागले, आणि त्याला दोन कारणे झाली. पहिले कारण सीएनजीची रांग. रांगेत इंजिन बंद ठेवून दर काही मिनिटांनी गाडी थोडी पुढे घ्यायची असते, आणि इंजिन बंद असताना अशा गाड्यांचा एसी कंप्रेसर चालत नाही. हा पंखा साधारण पंधरा वॅटचा, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आसपास वीज घेणारा. पस्तीस अँपिअर-अवर्सच्या चांगल्या बॅटरीला अर्धा-पाऊण तास त्याचा काहीच भार वाटत नाही. शेजारच्या नव्या गाड्यांमधली माणसे दारे उघडून रस्त्यावर उभी असत, तेव्हा आम्ही आत बसून वारा खात होतो. गाडी नोझलजवळ आली की मात्र पंखा बंद करायलाच हवा. त्यावेळी इंजिन बंद करून सर्वांनी उतरायचे असतेच, आणि या पंख्याच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासून सूक्ष्म ठिणग्या पडत असतात, हेही विसरून चालणार नाही.

त्या ठिणग्यांचा एक निरुपद्रवी परिणामही सांगायला हवा. पंखा चालू असताना रेडिओवर मध्यम लहरी लावल्या, तर अस्मिता वाहिनीच्या बातम्यांमागे अखंड खरखर येते. एफएमवर ती येत नाही. वडिलांच्या काळापासून गाडीतल्या बातम्या आमच्याकडे अशाच खरखरीसह ऐकल्या जात असल्यामुळे मी तो दोष धरलेला नाही.

दुसरे कारण पाऊस. एसी बंद असलेल्या गाडीत मुसळधार पावसात चार माणसे बसली, की त्यांच्या श्वासातली वाफ पावसाने गार पडलेल्या काचेवर धरते आणि समोरचे दिसेनासे होते. एसी हवा कोरडी करतो म्हणून काच स्वच्छ राहते. आमचा एसी नव्हता. आमच्याकडे प्रत्येक सिग्नलला फडक्याने काच पुसण्याचा कार्यक्रम चाले, आणि पुसलेल्या काचेवर रात्री समोरच्या दिव्यांचे फराटे उमटत. जुलैमध्ये कोपरी पुलाकडे जाताना मी पंख्याची मान वर करून काचेकडे लावली, मागच्या दोन्ही काचा बोटभर खाली केल्या, आणि ठाणे ओलांडेपर्यंत माझ्यासमोरचा काचेचा भाग स्वच्छ झाला होता. कोपऱ्यांत धुके राहते, पण चालकाला लागतो तेवढा भाग मोकळा होतो. मालट्रकवाले हा पंखा काचेच्या इतक्या जवळ का बसवत असत, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले. त्याचे तोंड माणसाकडेच असले पाहिजे हा आग्रह टॅक्सीतल्या प्रवाशांनी रुजवला असावा.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींना वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप मिळाला, तेव्हा त्यांच्या मीटरबद्दल, छतावरच्या कॅरिअरबद्दल आणि सुकाणूजवळच्या गिअरबद्दल भरपूर लिहिले गेले. या पंख्याचा आणि दारावरच्या त्रिकोणी काचेचा उल्लेख मला फारसा कोठे दिसला नाही. ती त्रिकोणी काच उघडून वारा अंगावर वळवायचा आणि गाडी थांबली की पंखा लावायचा, ही त्या गाडीची संपूर्ण वातानुकूलन व्यवस्था होती, आणि तिला कूलिंग कॉइल नव्हती.

एसी अखेर ऑगस्टमध्ये बाहेरच्या मेकॅनिककडून, पहिल्या एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी खर्चात दुरुस्त करून घेतला. त्यानंतर पंखा काढून टाकायचे ठरले होते. मात्र आमच्या गाडीला मागच्या सीटसाठी एसीचे झरोके नाहीत आणि मागे बसणाऱ्या आईची, पुढे तुम्ही गारठता आणि मागे मी उकडते, ही तक्रार गाडी घेतल्यापासूनची आहे. पंख्याचे तोंड मागे करून मंद वेगावर लावल्यास मधल्या झरोक्यांतली गार हवा तिच्यापर्यंत पोहोचते, आणि ब्लोअर चारवर न ठेवता दोनवर ठेवला तरी भागते. आईने पहिल्याच दिवशी शाल मागितली. पंखा राहिला.

गेल्या महिन्यात त्याची मान फिरवणारे प्लॅस्टिकचे गिअर झिजून फिरायचे थांबले. मोटर ठणठणीत आहे, पाती शाबूत आहेत, केवळ एका रुपयाच्या नाण्याएवढे ते चाक हवे आहे, आणि ते सुटे मिळत नाही. दुकानदार नवा पंखा घ्या म्हणतो, आता नऊशे रुपयांना. नवा घेतला तर त्याच्यासोबत तोच प्लग येणार, हे मला ठाऊक आहे. इलेक्ट्रिशियनने जुन्या टेबलफॅनमधले चाक बसते का पाहतो म्हणून सांगितले आहे. तोवर पंखा मागच्या डाव्या सीटकडे तोंड करून अडकलेला आहे, आणि त्या सीटवर बसणाऱ्या आईने तो दुरुस्त करू नये, असे मला दोनदा बजावले आहे.