गिरणीवरची खोली: किसननगरमधील मुलांच्या केंद्राविषयी

ठाण्यात वागळे इस्टेटला लागून असलेल्या किसननगरमध्ये, एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे एक केंद्र चालते. माझा नातू तेथे सव्वादोन वर्षे जात होता आणि त्याची धाकटी बहीण अजूनही जाते. आमच्या इमारतीतील पालक जिन्यात गाठून "क्लास कसा आहे हो?" असे विचारतात, आणि प्रत्येकाला उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात एकतीस वर्षे भांडारपाल होतो. कोणत्याही जागेची पारख तिच्या नोंदवहीवरून करायची, ही माझी जुनी खोड या लेखनातही दिसेल.

प्रथम जागेविषयी. खोली लहान आहे. पंचवीस मुले बसली की सव्विसाव्याला दारात बसावे लागते. चार चटया, दोन पंखे, एक पांढरा फळा, एक कॅरम आणि एक लोखंडी कपाट एवढेच सामान आहे. खालची गिरणी सुरू असली की फरशी थरथरते आणि सात वाजेपर्यंत वह्यांवर पिठाचा पातळ थर बसतो. स्वच्छतागृह खाली, गिरणीच्या मागे आहे आणि त्याची किल्ली गल्ल्याजवळच्या खिळ्याला असते. मोठ्या मुलींना दर वेळी ती चारचौघांसमोर मागावी लागते, ही गैरसोय मी दोनदा कानावर घातली, पण अद्याप दूर झालेली नाही. शुल्क महिना दोनशे रुपये आहे आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून ते मागितले जात नाही. सुरुवातीचे सहा महिने पावती मिळत नव्हती. माझ्या तक्रारीनंतर पावतीपुस्तक आले, आणि पहिली पावती मलाच फाडून देण्यात आली.

केंद्र चालवणारी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. मुले तिला ताई म्हणतात, आणि तिच्याहून चाळीस वर्षांनी मोठा असूनही आता मीही ताईच म्हणतो; ती मला काका म्हणते. ती याच वस्तीत वाढली. तिचे वडील एका प्रेसशॉपमध्ये कामाला होते आणि तो कारखाना बंद पडला तेव्हा ती आठवीत होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. त्या कारखान्यांच्या आधाराने आमच्यासारख्यांनी किसननगर, इंदिरानगर, ज्ञानेश्वरनगर भरून टाकले. आता त्यांतील बऱ्याच कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. त्यांत आमची मुले कामाला जातात ती सुरक्षारक्षक म्हणून किंवा जेवणाचे डबे पोहोचवण्यासाठी. ताईच्या बोलण्यात ही खंत कधी येत नाही, परंतु ती जे काम करते त्याचे मूळ तेथेच असावे असे माझे मत आहे.

तिचा दिवस मी जवळून पाहिला आहे. सकाळी आठ ते तीन ती एका लहान कारखान्यात हिशेब लिहिते, घरी येऊन जेवते आणि साडेचारला केंद्राचे कुलूप उघडते. साडेचार ते सात मुलींची वेळ, सहा ते नऊ मुलग्यांची, आणि मधला एक तास सर्वांचा एकत्र. नऊनंतर ती एक-दोन घरी जाऊन येते आणि साडेदहाला स्वतःच्या घरी पोहोचते. रविवारी अर्ज भरण्याचे काम असते. भाडे गिरणीमालक घेत नाहीत आणि बाकीचा खर्च वस्तीतील दोन डॉक्टर व काही निवृत्त कामगार मिळून करतात. त्यातून तिला मिळणारे मानधन तिच्या रिक्षाभाड्यालाही जेमतेम पुरत असेल. तिच्या आईला लग्नाची काळजी आहे आणि ती बोलून दाखवायला माझ्यासारखे रिकामे श्रोते त्यांना पुष्कळ मिळतात.

आता मुख्य गोष्ट. येथे शिकवणी म्हणावी असे फार थोडे होते. ताई गणित बरे शिकवते, इंग्रजी साधारण शिकवते, आणि विज्ञानासाठी शनिवारी एक महाविद्यालयीन विद्यार्थी येतो, तोही नेमाने येतोच असे नाही. गुण वाढवून हवे असतील तर नाक्यावर तिप्पट-चौपट शुल्क घेणारे क्लास आहेत आणि त्यांचा निकाल चांगला असतो. या खोलीत मिळते ती चौकशी, आणि तिचा पुरावा कपाटातील वहीत आहे. प्रत्येक मुलासाठी समोरासमोरची दोन पाने. डावीकडे हजेरी आणि उजवीकडे तिच्या बारीक अक्षरात त्या आठवड्यात त्या मुलाविषयी कळलेले काहीतरी: "चष्मा तुटला आहे, घरी सांगितलेले नाही", "वडील गावाला, रात्री एकटा", "शाळेत मागच्या बाकावर बसवले". मला तिने फक्त माझ्या नातवाचे पान दाखवले; शेजारचे पान पाहू लागलो तेव्हा वही मिटली. भांडारात आम्ही प्रत्येक खणाला बिनकार्ड लावत असू, आणि कार्डावरची शिल्लक व खणातील माल जुळला नाही तर त्याच दिवशी शोध घेत असू. ताईचा नियम जवळपास तोच आहे. मूल दोन दिवस आले नाही की तिसऱ्या दिवशी ती दारात उभी असते.

आमच्या दारात ती अशीच आली. नातू तेव्हा नववीत होता. माझा मुलगा रात्रपाळीचा चालक आणि सूनबाई एका गोदामात पॅकिंगच्या कामावर, त्यामुळे दुपारी चार ते रात्री नऊ घरात मी आणि दूरदर्शन संच. नातू नाक्यावर बसू लागला होता, मोबाईलवरील खेळात पैसे घालवू लागला होता, आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी त्याच्या खिशात पुडी सापडत होती. केंद्रात त्याचे नाव घातले तर चौथ्या दिवसापासून गैरहजर. ती आली, बसली, आणि अभ्यासाचा विषयही न काढता तिने त्याला विचारले की रात्रीचा स्वयंपाक कोण करते. तो म्हणाला, "कधी मी, कधी आजोबा." मग भाताला पाणी किती घालायचे यावर त्या दोघांचे दहा मिनिटे बोलणे झाले आणि ती निघून गेली. मला ते पोरकटपणाचे वाटले होते. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पहिल्या पावसाळ्यात मात्र माझा तिच्याशी वाद झाला. ठाण्यात जुलै उजाडला की गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो आणि मुलगे संध्याकाळी घरात सापडत नाहीत. चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवता येत नाही आणि मोठ्यांसाठीही सुरक्षेचे नियम आहेत, परंतु सरावाच्या रात्री ते कितपत पाळले जातात हे वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ताईने मुलग्यांना सराव बंद करा असे सांगावे, अशी माझी अपेक्षा होती. तिने उलट केंद्राची वेळ दीड महिन्यासाठी पुढेमागे केली आणि स्वतः मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे जाऊन दोन अटी मान्य करून घेतल्या: डोक्याला हेल्मेट असल्याशिवाय कोणी चढणार नाही, आणि साडेदहानंतर शाळकरी मुलगा मैदानात दिसणार नाही. पहिली अट पाळली गेली, दुसरी निम्मी. बंदी घातली असती तर मुले दोन्हीकडून गेली असती, असे तिचे म्हणणे होते. माझे मत अजूनही पूर्ण बदललेले नाही, पण त्या वर्षी केंद्रातून एकही मुलगा गळाला नाही हे वहीत लिहिलेले आहे.

दहावीच्या निकालात नातू गणितात अनुत्तीर्ण झाला. त्या संध्याकाळी घरात कोणी जेवले नाही. ताईने दुसऱ्या दिवशी मुलाला, त्याच्या वडिलांना आणि मला एकत्र बसवून कोऱ्या कागदावर तीन रेघा ओढल्या. एका रेघेवर एटीकेटी, म्हणजे दोन विषयांपर्यंत राहिले असले तरी अकरावीला प्रवेश मिळू शकतो. दुसरीवर जुलैची पुरवणी परीक्षा. तिसरीवर आयटीआय, जेथे काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही प्रवेश असतो. प्रत्येक रेघेखाली तिने खर्च, कालावधी आणि लागणारी कागदपत्रे लिहिली. माझा हट्ट अकरावी कॉमर्सचा होता. तिने माझ्याशी वाद घातला नाही. फक्त मुलाला विचारले, आणि त्याने तिसऱ्या रेघेवर बोट ठेवले. पुढे सहा आठवडे रोज एक तास गणित झाले, पुरवणी परीक्षेत तो काठावर उत्तीर्ण झाला, आणि उरलेल्या जागांच्या फेरीत त्याला वेल्डरची जागा मिळाली. एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. परवा त्याने घराच्या गॅलरीचा गज स्वतः जोडला. जोड थोडा जाड झाला आहे, परंतु पक्का आहे.

नातीच्या बाबतीत मिळालेला लाभ रोख स्वरूपाचा आहे, म्हणून तो इतर पालकांसाठी नेमका नोंदवतो. आठवीतील विद्यार्थ्यांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावे लागते आणि विद्यार्थी शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असावा लागतो. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मूल घातले की हा मार्ग बंद होतो, हे बऱ्याच जणांना उशिरा कळते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर असतात. ताईने ऑगस्टपासून दर रविवारी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला लावला आणि बँकखात्यावरील नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी जुळवून घेतले. गेल्या वर्षी सात मुली बसल्या, दोघींची निवड झाली, त्यांपैकी एक आमची. शाळा सुटलेल्या मुलांसाठी ती सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, अर्जही भरून घेते. चहाच्या टपरीवर काम करणारा एक मुलगा त्या मार्गाने पुढच्या मार्चमध्ये दहावीला बसणार आहे.

सुरक्षिततेविषयी पालक हळू आवाजात विचारतात, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. खोलीचे दार कायम उघडे असते, कोणत्याही मुलाशी एकटे बोलायचे झाल्यास ते जिन्याच्या तोंडाशी, सर्वांना दिसेल असे बोलले जाते, आणि शनिवारी शिकवायला येणाऱ्या विद्यार्थ्याची पोलीस पडताळणी झालेली आहे. मी कागद पाहिला. भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे आणि "घरातली गोष्ट घरात राहू दे" ही विनंती आपण ऐकणार नाही, हे ती नाव घालण्याच्या दिवशीच पालकांना सांगते. एक-दोन पालक त्यावर उठून गेल्याचे मी पाहिले आहे.

उणिवाही लिहायला हव्यात. सर्वांत मोठी उणीव अशी की हे सारे एका माणसावर उभे आहे. गेल्या वर्षी तिला डेंग्यू झाला तेव्हा केंद्र सतरा दिवस बंद राहिले, आणि त्या सतरा दिवसांत वहीत कोणाचीही नोंद नाही. ती परत आली तेव्हा चार मुले आलीच नाहीत. त्यांपैकी दोघांना परत आणायला तिला दिवाळीपर्यंत फेऱ्या माराव्या लागल्या. दुसरी ताई किंवा दादा तयार करा, असे मी देणगीदारांच्या बैठकीत बोललो. सर्वांनी माना डोलावल्या आणि विषय फोटो काढण्याकडे वळला. देणगीदार आले की मुलांना रांगेत उभे करून वह्या हातात देण्याचा प्रकार मला मुळीच आवडत नाही. ताईलाही आवडत नसावा, कारण त्या दिवशी ती सर्वांत मागे उभी राहते. शिवाय ती दमते. रात्री आठनंतर तिचा आवाज चढतो आणि क्षुल्लक कारणावरून मुलांना जिन्यात उभे केले जाते. दुसऱ्या दिवशी ती माफी मागते, हे खरे असले तरी जिन्यात उभे राहिलेल्या मुलाला रात्र काढायचीच असते.

नाटक, गाणे यांना येथे जागा नाही. ज्या मुलांना तशी आवड आहे त्यांना रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून ठाण्यातील वस्त्यांमधील मुलांसाठी सुरू झालेल्या वंचितांच्या रंगमंचाची माहिती ती देते, आणि स्वतःला जमत नाही ते जमते असे दाखवत नाही. हा गुण मी वरच्या उणिवांसमोर मांडेन.

जागेचा प्रश्न लवकरच उभा राहील. किसननगरच्या समूह पुनर्विकासाचे भूमिपूजन जून २०२३ मध्ये झाले. आज ना उद्या गिरणीची इमारतही पाडली जाईल आणि मुले संक्रमण शिबिरांत विखुरतील. महिना दोनशे रुपये घेणाऱ्या केंद्राला नव्या इमारतीत खोली मिळेल असे कोणत्याही कागदावर मी अजून पाहिलेले नाही. ताईने वहीत सर्व पालकांचे दोन-दोन दूरध्वनी क्रमांक आणि गावचा पत्ता लिहून घेण्यास सुरुवात केली आहे.

नवीन नावे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घेतली जातात, पण जागा रिकामी असल्यास मध्येही घेतात. मुलाला एकटे पाठवू नये. पहिल्या दिवशी आई, वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी सोबत हवे आणि तासभर बसण्याची तयारी हवी. शक्यतो सोमवारी जावे. त्या दिवशी गिरणी बंद असते आणि बोललेले ऐकू येते.