सागवानी दार की लॅमिनेटचं फ्लश डोअर?
कळंब्याला मामेभावाचं घर उभं राहतंय आणि दारांवर गाडी अडकलीय, त्याला सांगितलं तेच लिहितो, दुकानदाराची स्तुती बाजूला ठेवून.

खर्चात फ्लश डोअर, म्हणजे आत लाकडाचा गाभा आणि वर प्लाय-लॅमिनेट चिकटवलेलं सपाट दार, सरळ स्वस्त, सागवानाला लाकूड, मजुरी, पॉलिश सगळंच चढं.

पण खरा प्रश्न आपल्या कोल्हापूरच्या पावसाचा हाय. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि दार चौकटीला घासतं, नीट वाळलेलं सागवान त्यातल्या त्यात कमी फुगतं, कच्चं ओलं घेतलं तर तेही वाकणारच, म्हणून जुन्या वाड्याचं चांगलं लाकूड मिळालं तर अजिबात सोडू नका. फ्लश डोअर घेताना आयएस २२०२ चा, म्हणजे अशा दारांच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा आणि वरची-खालची कड सील करून घ्याच, लई ठिकाणी तेवढंच करायचं राहून जातं आणि पाणी तिथूनच शिरतं.

लॅमिनेट ओल्या फडक्यानं पुसलं की झालं, पण टवका उडाला की लपत नाही. सागवान घासून परत पॉलिश होतं, फक्त ऊन-पाऊस लागत असेल तर ते अधूनमधून करावंच लागतं.

मुख्य दार आयुष्यभराचं पाहिजे तर सागवानी, आतल्या खोल्यांना किंवा भाड्याच्या मजल्याला लॅमिनेट बास. बाथरूमला मात्र दोन्ही नको, तिथं पीव्हीसीच बसवा.