अमेरिकेतल्या उद्योजिकांना मदत: मार्गदर्शक, कर-स्वयंसेवक की धनको?

अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक मराठी मंडळींना महिन्याचे चार-पाच तास कृष्णवर्णीय, लॅटिना किंवा आपल्याच दक्षिण आशियाई उद्योजिकांसाठी द्यायचे असतात. पहिला विचार मेंटॉरिंगचा येतो. पण सल्ला देणारं कुणी ना कुणी या बायकांना भेटतंच. हिशेब, कर आणि भांडवल या तीन ठिकाणी प्रत्यक्ष हात लावणारं माणूस मिळत नाही. १९८८ च्या कायद्यापर्यंत काही राज्यांत व्यवसायाच्या कर्जासाठी बाईला नवऱ्याची किंवा पुरुष नातेवाइकाची सही लागायची. ती अट गेली, पण तारण ठेवायला घर नाही आणि नातेवाइकांकडेही उसने द्यायला पैसे नाहीत, ही अडचण उरलीच. म्हणून प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारावा: यातून तिच्या हातात नेमकं काय पडेल?

सर्वांत आधी व्हिसा

एच-४ (नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असाल आणि कामाचा परवाना नसेल, तर मैत्रिणीच्या दुकानाचे हिशेब फुकट लिहून देणंही अंगाशी येऊ शकतं. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी व्यवसायात केलेलं काम अमेरिकी श्रम कायदा स्वयंसेवा मानत नाही, आणि पगार घेतला नाही एवढ्यानं इमिग्रेशनचा प्रश्न सुटत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. नोंदणीकृत ना-नफा संस्थेतून, एरवीही स्वयंसेवकच करतात असं काम करणं त्यामानानं सुरक्षित. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा.

स्कोर: सल्ल्याचा रस्ता

१९६४ पासून चालणारी ही संस्था सरकारच्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची भागीदार आहे. मार्गदर्शन मोफत असतं आणि व्हिडिओवरूनही करता येतं. अर्ज, स्थानिक शाखेशी बोलणं, प्रशिक्षण आणि आचारसंहितेवर सही, अशी वाट आहे. ज्याला मार्गदर्शन करता त्याला स्वतःची सेवा विकता येत नाही. सेवा सर्वांसाठी खुली असल्यामुळे ‘मला फक्त अमुक समाजातल्या बायका द्या’ असं म्हणता येत नाही. त्यांच्या वस्त्यांत काम करणारी शाखा मात्र निवडता येते.

इथे काम बिघडतं ते पहिल्या भेटीतच. मार्गदर्शक ब्रँडिंगवर बोलत राहतो आणि बाईचं व्यवसायाचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. पहिल्या भेटीला तीन गोष्टी मागवा: मागच्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, सगळ्या कर्जांची यादी आणि एका वस्तूचा पूर्ण खर्च. समजा, जेवणाचा डबा १४ डॉलरला जातो. सामान ५, पॅकिंग ०.८०, डिलिव्हरी ॲपचं ३० टक्के कमिशन म्हणजे ४.२०. उरले ४ डॉलर. एका डब्यामागे तिची १५ मिनिटं जातात आणि तासाचे १८ डॉलर धरले, तर श्रमाचे ४.५० होतात. म्हणजे प्रत्येक डब्यामागे ५० सेंट तोटा! असा डबा जास्त खपवायचा सल्ला दिला, तर तोटाच वाढतो.

कर्जांच्या यादीत ‘मर्चंट कॅश ॲडव्हान्स’ (पुढच्या विक्रीवर मिळणारी उचल) दिसला तर थांबा. २०,००० घेऊन २६,००० फेडायचे आणि रोज खात्यातून कापले जाणार, हे ऐकायला ३० टक्के वाटतं. पण सहा महिन्यांत फेडलं तर वर्षाचा दर शंभर टक्क्यांच्या वर जातो, कारण मुद्दल रोज कमी होत असतं.

व्हीटा: आमची पहिली पसंती

उत्पन्न मर्यादित असलेल्यांचे कर-विवरण मोफत भरून देणारा हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, कार्यक्रम. सीए असण्याची गरज नाही. ऑनलाइन अभ्यास करायचा आणि ८० टक्के गुणांनी परीक्षा पास व्हायची. ॲडव्हान्स्ड पातळीचं प्रमाणपत्र घ्या, कारण स्वतःचा व्यवसाय असलेल्यांचं शेड्यूल सी (व्यवसायाच्या नफ्या-तोट्याचा फॉर्म) त्याशिवाय हाताळता येणार नाही. त्यालाही हद्द आहे: मालाचा साठा, नोकर, घसारा किंवा तोटा असेल तर ते विवरण व्हीटात बसत नाही. म्हणजे घरी वेण्या घालणारी, सफाईची कामं घेणारी, भाषांतर करणारी बाई इथे येऊ शकते, दुकानवाली बहुधा नाही.

फायदा डोळ्यांना दिसतो. ३०,००० डॉलर निव्वळ नफ्यावर स्वयंरोजगार कर (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीचा) सुमारे ४,२४० डॉलर होतो, आणि तो आयकराहून वेगळा. पहिल्या वर्षी पुष्कळ जणींना हे माहीतच नसतं. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी यांच्या साधारण १५ तारखेचे चार अंदाजी हप्ते कॅलेंडरमध्ये लावून देणं, ही दहा मिनिटांची मदत तिचा दंड वाचवते. उणीव एवढीच की काम जानेवारीअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच असतं, आणि तीच बाई पुन्हा तुमच्यासमोर येईल याची खात्री नाही.

किवा: वेळ नाही, पण पैसे आहेत

किवा ही संस्था ऑनलाइन अनेकांकडून छोट्या रकमा जमवून अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांना १५,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळवून देते, आणि तुम्ही २५ डॉलरपासून धनको होऊ शकता. आधी १५ दिवसांत अर्जदाराने आपल्या ओळखीतले धनको जमवायचे, मग ३० दिवस सर्वांसाठी आवाहन. रक्कम पूर्ण झाली नाही तर पैसे परत जातात. अनेकींचं गाडं त्या पहिल्या १५ दिवसांतच अडतं, कारण ओळखीत मोकळे २५ डॉलर असलेली माणसं पुरेशी नसतात. तेव्हा ओळखीच्या उद्योजिकेसाठी पहिल्या आठवड्यात मराठी मंडळातल्या दहा जणांना गोळा करणं फार मोलाचं. पैसे बुडू शकतात, आणि हे दान नसल्यामुळे करात वजावट नाही, हे त्यांना आधीच सांगा.

प्रमाणपत्राची फाइल

मोठ्या कंपन्यांना माल पुरवायचा तर डब्ल्यूबेंक (स्त्रियांचा व्यवसाय) किंवा एनएमएसडीसी (अल्पसंख्याकांचा व्यवसाय) यांचं प्रमाणपत्र कामी येतं. दोन्हींत किमान ५१ टक्के मालकी आणि प्रत्यक्ष ताबा दाखवावा लागतो. नवऱ्याच्या नावावर निम्मे शेअर असतील किंवा बँकेत एकट्या त्याचीच सही चालत असेल, तर अर्ज अडकतो. भारतीय वंशाच्या बायकांनाही एनएमएसडीसी खुली आहे, पण नागरिकत्व लागतं. ही मदत वर्षातून एखाद्याच बाईला करता येईल, तरी कागदपत्रांची सवय असलेल्यांनी विचार करावा.

स्वतःचं अनुदान सुरू करायचा बेत असेल, तर फक्त एका वंशाच्या बायकांसाठी अशी अट घालण्याआधी वकिलाशी बोला. अटलांटाच्या फिअरलेस फंडाने कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी २०,००० डॉलरचं अनुदान ठेवलं होतं. १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे त्यावर दावा झाला, जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय फंडाच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षी तडजोडीत ते अनुदान बंद झालं.

व्हीटात उतरायचं असेल तर ऑक्टोबरमध्येच जवळच्या केंद्राला लिहा. परीक्षा हंगामाआधी द्यावी लागते, आणि जानेवारीत जागे झालात तर बहुतेक केंद्रांच्या पाळ्या लागून गेलेल्या असतात.